पकड आधी, फटका नंतर



मागच्या रविवारच्या पाठानंतर इंदूरच्या एका ताईंनी ग्रुपवर विचारलं होतं, "चुकीची सवय पन्नास वर्षं मुरलेली असेल तर ती या वयात सुटते का? आणि सोडवायचीच कशाला? काम तर चाललंय ना!"

प्रश्न मोलाचा आहे. या वेळी उत्तर पोथीतून देत नाही, माझ्या दोन हातांतून देतो. वय वर्षं बासष्ट, आणि गेले पाच महिने मी गोल्फची काठी कशी धरायची ते शिकतोय. हसलात तरी चालेल, घरचेही हसले. पण पाठ शेवटपर्यंत वाचा.

*चूक कुठून आली*

आम्ही वडोदऱ्याचे, दांडिया बाजारातले. गोल्फ नावाचा खेळ आहे हे लहानपणी एवढ्यावरूनच माहीत, की लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गायकवाड सरकारांनी पाहुण्यांसाठी त्याचं मैदान केलेलं होतं. आमचा खेळ म्हणजे गल्लीतलं क्रिकेट. लिहायला-जेवायला मी उजवा, पण बॅटिंग डावखुरी. डावखुऱ्या बॅटिंगमध्ये उजवा हात वर आणि डावा खाली असतो. तीच पकड हातात बसली.

पुढे कारखान्यात नोकरी लागली. एक साहेब बदलून जाताना जुन्या क्लबांची पिशवी देऊन गेले. क्लब उजव्या हाताच्या खेळाडूचे होते. त्यांचं तोंड एकाच बाजूला असतं, त्यामुळे उभं राहावं लागलं उजव्यासारखं. हात मात्र आपल्या सवयीने बसले : उजवा वर, डावा खाली. उजव्या खेळाडूने नेमकं याच्या उलट धरायचं असतं. मला कोणी सांगितलं नाही, मीही कोणाला विचारलं नाही. अधूनमधून सुट्टीच्या दिवशी जायचं, दहा-वीस चेंडू मारायचे, असं वीस वर्षं चाललं.

निवृत्तीनंतर रोज जायला लागलो आणि चूक उघडी पडली. चेंडू एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, एकदा जमिनीला घासत. वर्षभर खेळूनही अंतर वाढेना. शेवटी डावं मनगट दुखायला लागलं. हाडांच्या डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली आणि विचारलं, "काठी धरता कशी?" मी टेबलावरचं पेन धरून दाखवलं. ते म्हणाले, "औषध मी देतो, पण आधी कोणाकडून तरी शिकून घ्या."

*गुरूने आधी पाहिलं*

शहराबाहेरच्या सरावाच्या मैदानावर शिकवणारा मुलगा असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा. लहानपणी कॅडीचं काम करत करत शिकलेला. पहिल्या दिवशी मी त्याला म्हणालो, "बेटा, जरा दोन गोष्टी सांग, बाकी मला येतं." तो हसला फक्त. म्हणाला, "काका, आधी हात दाखवा."

मी तळवे पुढे केले. त्याने घट्टे पाहिले. उजव्या तळव्याच्या मधोमध एक मोठा घट्टा होता. म्हणाला, "दांडा बोटांत नाही, तळव्यात धरताय. आणि उजवा हात वर." मी अजून एकही चेंडू मारलेला नव्हता!

मग त्याने तीस चेंडू मारायला लावले आणि स्वतः एक शब्द बोलला नाही. मला वाटत होतं, आता टोकेल, मग टोकेल. पण तो चेंडू कुठे जातो ते बघत होता आणि मी प्रत्येक फटक्यानंतर मनगट चोळतो ते बघत होता. तिसाव्या चेंडूनंतर म्हणाला, "काका, तुमचं शरीर चांगलं वळतं. पाय चांगले आहेत. फक्त पकड बदलावी लागेल. पण एक सांगतो. दीड-दोन महिने तुम्ही आजच्यापेक्षा वाईट खेळाल. मंजूर असेल तर उद्यापासून या."

त्या रात्री झोप लागली नाही. पैसे देऊन वाईट खेळायचं? दुसऱ्या दिवशी गेलो आणि त्याला "सर" म्हटलं. जीभ जड झाली होती, खोटं कशाला सांगू. पण ज्याच्याकडून घ्यायचंय त्याला "बेटा" म्हणून घेता येत नाही, एवढं तोवर कळलं होतं.

*पकडीला एवढं महत्त्व का*

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरताच होतो. त्या क्षणात दुरुस्ती करायला वेळच नसतो. क्लबचं तोंड त्या वेळी जिकडे असेल, मुख्यतः तिकडे चेंडू निघतो. आणि सगळ्या शरीरातून क्लबला स्पर्श करतात ते फक्त हात. म्हणजे फटका कसा जाणार, याचा बराचसा निकाल तो मारण्याआधी, काठी धरतानाच लागलेला असतो.

अमेरिकेचे बेन होगन हे फार मोठे खेळाडू. १९४६ ते १९५३ या काळात त्यांनी नऊ मुख्य स्पर्धा जिंकल्या. पण त्याआधी कित्येक वर्षं त्यांचा चेंडू जोरात डावीकडे वळून वाया जायचा. त्यांनी जे बदललं त्यात पकड मोठी होती. पुढे १९५७ साली त्यांचं पाच धड्यांचं पुस्तक आलं. त्यातला पहिला धडा पूर्णपणे पकडीवर आहे.

*बरोबर पकड कशी असते*

सरांनी शिकवली तशी पायरीपायरीने देतो. ही उजव्या खेळाडूची आहे. घरात लाटणं किंवा छत्री घेऊन करून बघा, पाठ नीट समजेल.

१. डावा हात वर. दांडा तळव्यात नाही, बोटांत. तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत तो तिरका येतो. मग तळव्याचा खालचा मांसल भाग दांड्यावर वरून टेकतो.

२. डावा अंगठा दांड्याच्या अगदी मधोमध नाही, किंचित उजवीकडे. वरून पाहिलं की डाव्या मुठीचे दोन उंचवटे दिसले पाहिजेत. चार दिसले तर हात जास्त वळलाय, चेंडू डावीकडे वळेल. एकही दिसला नाही तर चेंडू उजवीकडे पळेल.

३. उजवा हात खाली. तो मुख्यतः मधल्या दोन बोटांनी धरतो. उजवा तळवा डाव्या अंगठ्याला वरून झाकून घेतो.

४. उजवी करंगळी डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट यांच्यामधल्या खोबणीवर बसते. त्यामुळे दोन हात दोन न राहता एक होतात. काही जण करंगळी आणि तर्जनी एकमेकांत गुंतवतात. जॅक निक्लॉस आणि टायगर वूड्स यांची पकड तशी आहे. दोन्ही चालतात.

५. जोर कमी. हातात जिवंत पाखरू आहे, उडून जाऊ नये आणि गुदमरूही नये, इतपतच.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा काय वाटलं सांगू? दुसऱ्याच कोणाचे तरी हात मला लावलेत असं वाटलं. क्लब आत्ता निसटेल असं वाटत होतं. मी म्हणालो, "सर, हे चुकीचं वाटतंय." ते म्हणाले, "काका, चुकीचं नाही, नवीन वाटतंय. वीस वर्षं जे केलं तेच हाताला बरोबर वाटणार."

इथे जरा थांबा. ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. आपल्याला एखादी गोष्ट "बरोबर वाटते" तेव्हा पुष्कळदा ती फक्त ओळखीची असते. हाताची साक्ष खोटी नसते, पण ती सवयीची साक्ष असते, सत्याची नव्हे. म्हणून तर बाहेरून बघणारा माणूस लागतो.

*चेंडूशिवायचा अभ्यास*

पहिले दहा दिवस सरांनी चेंडू मारूच दिला नाही. घरी जुना क्लब घेऊन रोज पंचवीस वेळा : धरा, बघा, सोडा. परत धरा, बघा, सोडा. टीव्हीवर बातम्या चालू असताना मी हेच करायचो. सौ. म्हणाली, "जपमाळ सोडून हे काय घेतलंत!" पण चेंडू नसला की निकालाची चिंता नसते, आणि निकालाची चिंता नसली की हात ऐकतात, हा अनुभव आला.

मग अर्धा स्विंग, सात नंबरचं आयर्न, चेंडू फक्त वीस-तीस यार्ड. मग हळूहळू पूर्ण स्विंग. सरांनी सांगितलं होतं तसंच झालं. कधी क्लब जमिनीत, कधी चेंडूच्या डोक्यावरून. शेजारी सराव करणारी शाळकरी मुलगी माझ्यापेक्षा दुप्पट लांब मारत होती. पाचव्या आठवड्यात मी सौ.ला म्हणालो, "सोडून देतो."

*चुकीच्या पकडीने मारलेला चांगला फटका*

त्याच आठवड्यात जुन्या कारखान्यातल्या मित्रांनी खेळायला बोलावलं. पहिल्या टीवर सात-आठ जण मागे उभे. मी नवीन पकड घेतली. कोणीतरी म्हणालं, "काय साहेब, आता शास्त्रोक्त का?" सगळे हसले. काय झालं कळलं नाही, हात आपोआप सरकले. उजवा वर, डावा खाली. फटका मारला आणि चेंडू सरळ, उंच, दीडशे यार्डांच्या पुढे! टाळ्या पडल्या. एकाने पाठीवर थाप मारली, "बघा, आपलं ते आपलंच!"

बंधूंनो, वाईट फटके पाच आठवडे सोसले, पण हा चांगला फटका मला जास्त महागात पडला. घरी येताना मनात पक्कं झालं की आपली पकड बरोबर आहे आणि त्या पोराला काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना जरा तोऱ्यातच सांगितलं. ते रागावले नाहीत. दहा चेंडू मांडले आणि म्हणाले, "काका, तोच फटका परत मारून दाखवा. जुन्याच पकडीने." मी दहा मारले. दोन बरे गेले. आठ कुठेही गेले. नवव्या चेंडूला मनगटात कळ आली. ते म्हणाले, "काल दहातला एक पहिलाच लागला, एवढंच झालं."

मी काही बोललो नाही. पिशवीतून हातमोजा काढला, डाव्या हातात घातला आणि नवीन पकड घेतली.

*मग वेगळी पकड नेहमीच चूक असते का?*

नाही. हे नीट सांगायला हवं, नाहीतर पाठ अर्धवट राहील.

आज जिला शास्त्रोक्त म्हणतात ती करंगळी वर बसवायची पकड हॅरी व्हार्डन यांच्या नावाने ओळखली जाते. जर्सी बेटावरचे हे खेळाडू १८९६ ते १९१४ या काळात ब्रिटनची ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकले. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. व्हार्डन यांच्याआधी स्कॉटलंडचे जॉनी लेडली तशी पकड वापरत होते, पण त्या काळी बहुतेक जण दहाही बोटांनी दांडा मुठीत धरायचे. म्हणजे आजचा नियम तेव्हा अपवाद होता.

दुसरं उदाहरण आपल्या रक्तातलं आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला सेवसंकर 'पापवा' सेवगोलम नावाचे भारतीय वंशाचे खेळाडू होऊन गेले. गरीब घर, कॅडीचं काम, शिकवणारं कोणी नाही. त्यांची पकड अगदी माझ्यासारखी उलटी होती : उजवा हात वर, डावा खाली. त्या पकडीने त्यांनी डच ओपन १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा जिंकली. १९६३ साली डर्बनमध्ये नाताळ ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यांमुळे क्लबच्या इमारतीत त्यांना प्रवेश नव्हता. गोरे खेळाडू आत होते आणि विजेत्याने बक्षीस बाहेर पावसात उभं राहून घेतलं. त्या छायाचित्राने जगभर खळबळ झाली. १९६५ साली त्यांनी हीच स्पर्धा पुन्हा जिंकली, गॅरी प्लेअरसारख्या खेळाडूला मागे टाकून. पुढे सरकारने त्यांना स्पर्धांपासून दूर ठेवलं. १९७८ साली ते गेले.

हे कळल्यावर मी सरांकडे धावलोच. "सर, बघा! पापवांची पकड माझीच होती!" सर म्हणाले, "काका, ते लहानपणापासून त्याच पकडीने हजारो चेंडू मारत आले होते. त्यांचा चेंडू रोज सांगितलेल्या जागी जायचा. तुमचा जातो का?"

या एका प्रश्नातून मला तीन कसोट्या मिळाल्या. आपली एखादी सवय वेगळी आहे की चुकीची, ते यांवर घासून बघावं :

▪️ *पुन्हा जमतं का?* एकदा नव्हे, दहातले सात-आठ वेळा. पापवांना जमत होतं. मला दोनदा.

▪️ *शरीर सोसतं का?* दुखतंय आणि तरी आपण "माझी पद्धत" म्हणून चालवतोय, तर ती पद्धत नव्हे, हट्ट आहे.

▪️ *पुढचं शिकता येतं का?* माझी वाढ वर्षभर एका जागी थांबली होती. उलट्या पकडीत उजव्या खेळाडूचा डावा खांदा खाली जातो, हात एकमेकांना अडवतात, मनगटं मोकळी सुटत नाहीत. पापवांनी आयुष्य घालून त्यातून वाट काढली. साठीनंतर तेवढं आयुष्य माझ्याकडे शिल्लक नाही.

तिन्ही कसोट्यांवर उतरली तर जगापेक्षा वेगळी असली तरी ती सवय ठेवा, कोणी हसलं तरी ठेवा. एकीवरही उतरली नाही तर कितीही जुनी असो, सोडा.

*आज कुठे आहे*

पाच महिने झाले. मनगट दुखत नाही. उजव्या तळव्यातला घट्टा मऊ पडलाय. दहातले सहा चेंडू सांगितलेल्या दिशेला जातात. दीडशे यार्डांचा तो फटका नवीन पकडीने अजून आलेला नाही, जास्तीत जास्त एकशे तीस होतात. आणि हेही सांगतो की मागे माणसं उभी असली की हात अजून सरकायला बघतात. मग मी क्लब खाली ठेवतो, दोन्ही हात सोडतो, परत धरतो. लोक थांबतात. थांबू देत.

एक गंमत राहिलीच. मागच्या महिन्यात सर पटिंग शिकवायला लागले, म्हणजे हिरवळीवर चेंडू हळूच ढकलून खळग्यात घालायचा. मी शहाण्यासारखी नवीन पकड घेतली. सर म्हणाले, "काका, इथे तुमची जुनी पकड घ्या."

मी बघतच राहिलो. ते म्हणाले, "पटिंगमध्ये डावा हात खाली असला की खांदे समतल राहतात आणि मनगट कमी हलतं. जिम फ्युरिक, जॉर्डन स्पीथ असे मोठे खेळाडू मुद्दाम तसं धरतात. तुमच्या हातात ती आयती आहे, फेकायची कशाला?"

गुरुबंधूंनो, त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं. पन्नास वर्षांची सवय सगळीच्या सगळी वाया नव्हती. ती नको तिथे वापरत होतो. तिची जागा कुठली हे मला एकट्याला कधी कळलं नसतं.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं : सवय या वयातही सुटते, पण आधी थोडं वाईट खेळायची तयारी लागते, आणि आपल्याकडे नीट पाहणारा कोणीतरी लागतो. तो वयाने लहान असला तरी चालतो.

*या आठवड्याचा स्वाध्याय*

१. अशी एक सवय लिहून काढा जी "बरोबर वाटते" पण तिन्ही कसोट्यांवर घासलेली नाही. बोलण्याची, जेवण्याची, रागावण्याची, कुठलीही.

२. त्या बाबतीत तुम्हाला बाहेरून बघणारं कोण आहे? सून, नातू, शेजारी, कोणीही. त्यांना एकदा विचारा आणि उत्तर मध्येच न तोडता ऐका.

३. रोज पाच मिनिटं चेंडूशिवाय अभ्यास. म्हणजे प्रसंग समोर नसताना नवीन वागणं मनात आणि कृतीत करून बघा : धरा, बघा, सोडा.

अनुभव ग्रुपवर जरूर कळवा. फजिती झाली असेल तर ती आधी कळवा, माझी तुम्ही वाचलीच आहे.

पुढच्या रविवारी भेटू. 🙏